घर पाहावे तपासून

ताबापत्र हा मराठी मध्यमवर्गाच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत कमी वाचला गेलेला दस्तऐवज असावा. करारनामा निदान वकिलाकडून तरी वाचून घेतला जातो, कर्जाच्या कागदांवर बँकेतला माणूस बोट ठेवून ठेवून सह्या घेतो. ताबापत्रावर मात्र सही होते ती पेढ्याच्या हाताने. त्यात कुठेतरी मधोमध एक वाक्य असते : सदनिकेची प्रत्यक्ष पाहणी केली, सर्व बाबी समाधानकारक आढळल्या, कोणतीही तक्रार नाही, अशा अर्थाचे. एका वाक्यात तीन विधाने, आणि सही करणाऱ्याच्या दृष्टीने तिन्ही बहुतेक वेळा असत्य. पाहणी झालेली नसते, समाधान घराचे नसून भाड्याच्या जागेतून सुटल्याचे असते, आणि तक्रार अजून जन्माला यायची असते.

असा एक कागद आमच्याही घरात आहे. त्यावर माझ्या आईची सही आहे आणि साक्षीदार म्हणून माझी. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते आरोपीच्या पिंजऱ्यातून, असे समजावे.

आईवडिलांची सोसायटी कर्वेनगरात. १९८६ साली उभी राहिलेली तीन मजली, बिनलिफ्टची, बारा बिऱ्हाडांची इमारत. या परिसराचे मूळ नाव हिंगणे बुद्रुक; १९०० साली अण्णासाहेब कर्व्यांनी रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेल्या जागेवर एक झोपडी बांधून आपला अनाथ बालिकाश्रम शहरातून इथे आणला, आणि पुढे गावाला त्यांचे नाव मिळाले. शहरापासून लांब, फर्ग्युसन महाविद्यालयातून शिकवून अण्णा पायी यायचे ते हे हिंगणे. आता इथे गल्लीगणिक एक इमारत पाडलेली असते, एक हिरव्या जाळीत गुंडाळलेली असते, आणि एका इमारतीच्या दारात मांडव असतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कर्ज काढून, पोटाला चिमटा घेऊन घरे घेतलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. तिला जिने चढवत नाहीत. पुनर्विकास ही तिच्यासाठी गुंतवणूक नाही, गुडघ्यांची गरज आहे. ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढचा सगळा संकोच तिथून सुरू होतो.

आमची मंडळी अडीच वर्षे भाड्याच्या घरात राहिली. २०२४ च्या अक्षय्य तृतीयेला ताबा मिळाला. पार्किंगमध्ये मांडव, ध्वनिमुद्रित सनई, प्रत्येक कुटुंबाला गणपतीची तसबीर, लाल कापडात बांधलेला किल्ल्यांचा जुडगा. आई सही करण्याआधी वर जाऊन घर पाहून आली होती. पाहून म्हणजे काय, तर देव कोणत्या भिंतीला, फ्रीज कुठे, तुळस कुठे, आणि नव्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जुन्या आंब्याचा शेंडा दिसतो का. दिसत होता. मी मोबाइलवर फोटो काढले, वडिलांनी लिफ्टने दोनदा खालीवर केले. वीस मिनिटांत पाहणी संपली.

'घर पाहावे बांधून' ही म्हण ज्या काळात रुजली त्या काळात घर बांधणारा आणि राहणारा एकच असे. तिच्यातल्या 'पाहावे'चा अर्थ अनुभव घ्यावा असा आहे, हे खरे. पण ज्याने पाया खणताना उभे राहून पाहिले, विटा भिजल्या की नाही याबद्दल गवंड्याशी वाद घातला, त्याला वेगळी तपासणी करण्याची गरजच नव्हती. सदनिका आली आणि बांधणे व राहणे यांच्यात तीन-चार कराराची कागदे, एक वास्तुविशारद आणि असंख्य उपकंत्राटदार येऊन उभे राहिले. बांधताना पाहण्याची सोय गेली. तिची जागा बांधून झाल्यावर पाहण्याने घ्यायला हवी होती. ती घेतली वास्तुशांतीने. वास्तुशांतीला माझा विरोध नाही; पण तिथे वास्तुपुरुषाची क्षमा आपण मागतो आणि भिंत ज्याने बांधली तो जेवायला असतो.

वैशाखातला ताबा हा सर्वांत फसवा ताबा, हे आता कळते. त्या महिन्यात पुण्यातली प्रत्येक भिंत कोरडी असते. खिडकीच्या चौकटीभोवती सीलंट भरले आहे की नाही, गच्चीचा ढाळ पन्हळीकडे आहे की उलटा, हे सांगायला पाऊस लागतो आणि पाऊस किल्ल्या घेतल्यानंतर दोन महिन्यांनी येतो. आमच्याकडे तो आषाढात बोलला : झोपण्याच्या खोलीच्या खिडकीखाली हाताएवढी ओल. तक्रार करायला हवी होती. पण २५ जुलैला खडकवासल्याचा विसर्ग वाढला, नदीपलीकडे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरले, माणसांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. त्या आठवड्यात खिडकीखालच्या ओलीबद्दल फोन करायची वडिलांना लाज वाटली. 'लोकांचे संसार वाहून गेलेत आणि आपण डागाचं काय घेऊन बसलोय,' असे ते म्हणाले. मला ते पटले होते. चांगली माणसे आपली तक्रार अशीच नेहमी मोठ्या दुःखाच्या शेजारी ठेवून पाहतात आणि मागे घेतात.

श्रावणात मात्र डाग दुसऱ्याच्या घरात उमटला. आमच्या खाली राहणाऱ्या काकू जुन्या इमारतीत आमच्या समोरच्या दारात होत्या. अडतीस वर्षांचा शेजार. डाळ-साखरेची देवाणघेवाण, एकमेकींच्या बाळंतपणांची आठवण, भांडणे, अबोले, सगळे रीतसर झालेले. नव्या इमारतीत चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा त्या खाली आल्या आणि आम्ही वर. त्यांच्या न्हाणीघराच्या छताला पिवळसर वर्तुळ दिसू लागले. पंधरा दिवस त्या बोलल्या नाहीत. मग एका संध्याकाळी जिन्यात म्हणाल्या, 'तुमच्याकडून पाणी येतंय हो.' आईला ते लागले. 'आम्ही दोघं म्हातारी माणसं, बादलीनं अंघोळ करतो, आमच्याकडून कसलं पाणी येणार?' दोघींचेही म्हणणे खरे होते. त्या रात्री जी वाटी खाली जायची ती गेली नाही.

बिल्डरचा साइट इंजिनिअर आला. तरुण, नम्र मुलगा. 'काकू, नवीन बांधकाम आहे, सेट व्हायला थोडा वेळ लागतो,' असे म्हणून त्याने डागावर रंगाचा हात फिरवून घेतला आणि फाइलमधून ताबापत्राची प्रत काढून दाखवली. उद्धटपणे नव्हे; जणू आठवण करून द्यावी तशी. 'सर्व बाबी समाधानकारक.' खाली आईची वळणदार सही.

आता खरा प्रश्न : पाणी येत कुठून होते? हे आम्हाला सांगितले ते आमच्या जुन्या इमारतीची वर्षानुवर्षे डागडुजी केलेल्या मिस्त्रींनी. गणपती उठल्यावर आईने त्यांना बोलावले. त्यांनी आल्या आल्या न्हाणीघराकडे न जाता बैठकीच्या खोलीत उकिडवे बसून खिशातले नाणे काढले आणि फरशीवर टकटक करत पुढे सरकू लागले. खण्‌ खण्‌ खण्‌, आणि मग एकदम मातीच्या मडक्यासारखा आवाज. 'वहिनी, ही बद्द बोलतेय.' फरशीखाली माल सलग पसरलेला नसला, चार कोपऱ्यांना चार गोळे ठेवून वरून फरशी बसवली असली की ती आतून पोकळ राहते; आज छान दिसते, उद्या कपाटाचा पाय त्यावर आला की तडकते. बैठकीच्या खोलीत अशा अकरा निघाल्या. मी अकराही फरश्यांवरून चार महिने चाललो होतो.

मग त्यांनी भिंतीला चिकटवून बॅटरी धरली. समोरून प्रकाश पडला की भिंत सपाट दिसते. बाजूने पडला की गिलाव्याची प्रत्येक लाट सावली टाकते. नवा रंग हा फितवलेला साक्षीदार असतो, त्याला आडवे प्रश्न विचारावे लागतात, असे काहीसे त्यांच्या मनात असावे. त्यांनी म्हटले एवढेच, की 'रंग सगळं झाकतो.' कोपऱ्यात गुण्या लावून पाहिला; स्वयंपाकघराचा एक कोपरा गुण्यात नव्हता, म्हणूनच तिथे ओट्याच्या कडेला बोटभर फट सिमेंटने बुजवली होती. भेगांबद्दल मात्र त्यांनी आम्हाला घाबरवले नाही. गिलाव्यावर केसासारख्या, जाळीसारख्या पसरलेल्या भेगा बहुधा सुकण्याच्या असतात, पुन्हा रंग लावला की जातात; खांब आणि विटेच्या भिंतीच्या सांध्यावर सरळ उभी जाणारी भेग दिसली, तर सांध्यावर जाळी मारलेली नाही असे समजावे; आणि तुळईत तिरकी भेग दिसली तर मिस्त्रीला नव्हे, इंजिनिअरला बोलवावे. साइट इंजिनिअरचे 'नवीन बांधकाम आहे' हे वाक्य पूर्ण खोटे नव्हते. ते पहिल्या प्रकारच्या भेगेला लागू होते. दोष आणि खोड यांत फरक करायला जो शिकला नाही, त्याला एकतर सगळेच भयंकर वाटते किंवा सगळेच चालते. आणि आपल्यासारख्यांना बहुधा चालते.

न्हाणीघराची पाळी शेवटी. मिस्त्रींनी बादलीभर पाणी ओतले आणि नुसते पाहत उभे राहिले. पाणी नहाणी ट्रॅपकडे जायचे ते निम्मे दाराच्या कोपऱ्यात जाऊन थांबले. ढाळ चुकलेला. तेवढ्याने गळती होत नाही, पण साचलेले पाणी फट शोधत राहते. मग त्यांनी जे सांगितले ते मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटते. आजकाल न्हाणीघराची स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली टाकतात, तिच्यावर पाणीरोधक थर देतात, नळ्या टाकतात, उरलेली जागा विटांच्या तुकड्यांनी आणि मालाने भरतात, आणि वर फरशी. खालचा थर फुटका असेल तर पाणी आधी त्या भरावात मुरते. विटेचे तुकडे आठवडेच्या आठवडे पाणी पिऊन बसतात. भराव तुडुंब झाला की मग थेंब खाली उतरतो. म्हणजे फरशी बसल्यावर एक दिवस पाणी तुंबवून पाहिले आणि खाली डाग आला नाही, तर काही सिद्ध होत नाही. चाचणी घ्यायची ती थर दिल्यावर आणि भराव टाकण्याआधी : तोंडे बंद करायची, दाराशी बांध घालायचा, पाणी साठवायचे, किमान एक दिवस-रात्र ठेवायचे, आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहायचे. 'ते कुणी पाहिलं होतं का तुमच्यात?' मिस्त्रींनी विचारले.

कुणीच पाहिले नव्हते. सोसायटीने नेमलेला प्रकल्प सल्लागार होता, त्याची फी दिलेली होती, त्याने अशी चाचणी घेतल्याची नोंद असायला हवी होती. आम्ही ती मागितली नव्हती. मागायची असते हे ठाऊक नव्हते. ताबा ज्या दिवशी मिळतो त्या दिवशी पाहता येण्याजोगे दोष फार थोडे असतात : पोकळ फरशी, अडणारे दार, उलटा ढाळ, स्विचबोर्डातले मृत सॉकेट, बटण दाबल्यावर न पडणारी ई.एल.सी.बी., टेपने मोजल्यावर कमी भरलेली खोली. ते पाहावेतच. पण घराचे जे खरे आजार, त्यांवर तोवर फरशी बसलेली असते.

आणि दुसरी गोष्ट, जी मला त्या बादलीभर पाण्याने शिकवली. माझ्या न्हाणीघराचा दोष माझ्या घरात दिसत नाही. तो खालच्या माणसाच्या छतावर दिसतो. माझ्या छतावर जे दिसते ते वरच्याचे. म्हणजे सदनिकेची तपासणी ही एकट्याने आपल्या दाराच्या आत करण्याची गोष्टच नाही. आईने कितीही बारकाईने पाहिले असते, अगदी मिस्त्रींना घेऊन पाहिले असते, तरी काकूंच्या न्हाणीघराच्या छताखाली उभे राहिल्याखेरीज तिला आपल्या घराची स्थिती कळली नसती. 'समाधानकारक' असे तिने लिहून दिले ते वस्तुतः काकूंच्या छताबद्दल. काकूंनी लिहून दिले ते त्यांच्या खालच्यांबद्दल.

इथे मला आमच्या सोसायटीचा राग येतो, आणि तो बिल्डरच्या रागापेक्षा जास्त आहे. बिल्डर त्याच्या स्वभावाप्रमाणे वागला. तो अपवादात्मक वाईटही नव्हता. पण या बारा कुटुंबांनी सहा वर्षे सर्वसाधारण सभा घेतल्या होत्या. वाढीव जागा किती, दरमहा भाडे किती, मार्बल की व्हिट्रिफाइड, लिफ्ट एक की दोन, बँकहमी केवढी, यांवर रात्री अकरा-अकरापर्यंत भांडणे झाली होती. दोन बिल्डर परत पाठवले होते. करार करताना ही मंडळी एक संस्था होती. आणि ज्या दिवशी त्या कराराचे फळ हातात यायचे त्या दिवशी ती बारा वेगवेगळी गिऱ्हाईके झाली. बारा खुर्च्या, बारा जुडगे, बारा कागद, एकेकाने पुढे यायचे, फोटो, सही. त्या मांडवात कुणी सभापती नव्हता, ठराव नव्हता. सहकारी गृहनिर्माण संस्था या नावातला पहिला शब्द नेमका तिथे गळाला, जिथे त्याची सर्वाधिक गरज होती.

असे का होते, याचे एक कारण कागदावर आहे. पुनर्विकासाच्या करारात भाडे मिळते ते ताबा मिळेपर्यंत. ताब्याची सूचना आली की घड्याळ सुरू होते. ज्याने सही केली नाही त्याचे भाडे थांबते, आणि जिथे तो राहतो आहे तिथला घरमालक पुढच्या महिन्याचे भाडे मागतोच. एकट्या सभासदाने 'मला अजून तपासायचे आहे' म्हटले, तर तो शेजाऱ्यांच्या नजरेत आडमुठा ठरतो. वृद्धांना घाई असते, आणि ती रास्त असते. वडिलांना अडीच वर्षांत एकच भीती होती, की नव्या घरात आपण जाऊ की नाही. दुसरे कारण कागदावर नाही. ज्याच्याबरोबर सहा वर्षे चहा घेतला, जो आईला काकू म्हणतो, त्याच्यासमोर मुहूर्ताच्या दिवशी उकिडवे बसून फरशीवर नाणे वाजवणे हे आपल्याला अशोभनीय वाटते. भाजी घेताना भेंडीचे टोक मोडून पाहणारे, साडीचा पोत उन्हात नेऊन पाहणारे आम्ही, आयुष्यातल्या सर्वांत महाग वस्तूपुढे मात्र सभ्य होतो. मला वाटते, याचे मूळ दोष काढण्याबद्दलच्या आपल्या समजुतीत आहे. दोष काढणे म्हणजे माणसावर अविश्वास दाखवणे, असे आपण मानतो. पुस्तकावर टीका केली की लेखक दुखावतो आणि आपण प्रकाशनसमारंभात टीका करत नाही, तसेच हे. (या पानावर लिहिणाऱ्यांना तो अनुभव नवा नाही.)

कायद्याने हा संकोच कधीच मानलेला नाही. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याने, ज्याला सगळे 'मोफा' म्हणतात, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याखेरीज ताबा देऊ नये असे बिल्डरला सांगितलेच, शिवाय तो घेऊ नये असे घेणाऱ्यालाही सांगितले. ही दुसरी अर्धी ओळ फार थोड्यांना माहीत असते. ताबा दिल्यापासून ३ वर्षांत निदर्शनास आणलेला दोष शक्य तिथे विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारीही त्यात आहे. २०१६ च्या 'रेरा'ने ही मुदत ५ वर्षे केली, दोषांत केवळ रचनेचे नव्हे तर कारागिरीचे, दर्जाचे आणि सेवांचे दोषही धरले, आणि दुरुस्तीला ३० दिवस दिले. तसे न झाल्यास भरपाई. भोगवटापत्र मिळाल्यापासून २ महिन्यांत प्रत्यक्ष ताबा घ्यावा, असे घेणाऱ्याचे कर्तव्य त्यात लिहिले आहे. याचा अर्थ २ महिने आहेत. वीस मिनिटे नव्हे.

तेव्हा 'समाधानकारक' लिहून दिल्याने हक्क बुडतो असे नाही, विशेषतः जो दोष सहीच्या दिवशी दिसणे शक्य नव्हते त्याच्याबाबतीत. पण ही कलमे लिहिली आहेत ती मुख्यतः सदनिका विकत घेणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून. पुनर्विकासातला जुना सभासद काही विकत घेत नसतो. त्याचे हक्क प्रथम उभे राहतात ते सोसायटीने केलेल्या विकसन करारावर. त्या करारात दोषदुरुस्तीचे कलम किती नेमके आहे, हमी केव्हा सुटणार आहे, यावर त्याचे सगळे अवलंबून. आमच्या करारात कलम होते. हमी मात्र ताबापत्रांवर सह्या झाल्या की सुटावी, असेही होते, आणि ती सुटली. भाड्याच्या रकमेवर तीन सभा झाल्या होत्या. या ओळीवर एकही नाही.

जपानमध्ये नव्या सदनिकेचा ताबा देण्याआधी घेणाऱ्याला बोलावून, त्याच्याबरोबर फिरून पाहणी करण्याचा रीतसर दिवस असतो. दोषांची यादी होते, दुरुस्तीनंतर पुन्हा पाहणी. तिथे १९९९ साली झालेल्या कायद्याने नव्या घराच्या दोन गोष्टींची जबाबदारी १० वर्षे बांधणाऱ्यावर ठेवली : एक, इमारत उभी ठेवणारे भाग, दुसरी, पावसाचे पाणी आत येऊ न देणारे भाग. छत, भिंत, खिडकी यांतून पाणी येणे याला त्यांनी खांबाच्या बरोबरीने बसवले. आपल्याकडे पाणी गळणे ही अजूनही नशिबाची गोष्ट समजली जाते, आणि उपाय म्हणून रंगारी बोलावला जातो.

आता पुण्यातही पैसे घेऊन घर तपासून देणारे लोक निघाले आहेत. यंत्रे घेऊन येतात, भिंतीतली ओल मोजतात, सुबक अहवाल देतात. ज्याला परवडते त्याने जरूर बोलवावे. पण त्याने माझा मुद्दा सुटत नाही. असा तपासनीसही माझ्याच दाराच्या आत येतो. बारा जणांनी बारा अहवाल घेतले तरी सोसायटीची तपासणी होत नाही. माझे म्हणणे साधे आहे : ताबा एकेकट्याने घेऊच नये. पाणीरोधक थर झाल्यावर प्रत्येक न्हाणीघरात पाणी साठवायचे, आणि त्या वेळी वरच्या व खालच्या घराच्या सभासदांनी, चढवत नसेल तर त्यांच्या मुलासुनांनी, खाली उभे राहून छत पाहायचे. त्याची तारखेसह नोंद सल्लागाराकडून घ्यायची. ताब्याआधी पंधरा दिवस सगळ्या घरांची एकत्र पाहणी करायची, यादी सोसायटीच्या नावाने द्यायची, आणि यादीतले काम होईपर्यंत कुणीच सही करायची नाही. भाडे चालू राहील, कारण बारांचे भाडे एकदम थांबवणे एकाचे थांबवण्याइतके सोपे नाही. हे करारात आधीच लिहून घ्यायचे. आणि मुहूर्त नंतर काढायचा.

यावर आक्षेप येतो की याने दोन-तीन महिने जातील आणि ज्यांना घरात जायची घाई आहे त्यांच्यावर अन्याय होईल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. आमच्या सोसायटीतल्या एक आजी नवे घर न पाहताच गेल्या. त्यांच्या कुटुंबाला कुणी 'आणखी थांबा' म्हणू शकले नसते. पण ज्या दुरुस्त्या ताब्याआधी रिकाम्या घरात आठ दिवसांत झाल्या असत्या, त्या राहत्या घरात आमच्याकडे पाच महिने चालल्या. न्हाणीघर उखडले, भराव काढला, थर पुन्हा दिला; ते होईपर्यंत ऐंशीच्या घरातली दोन माणसे अंघोळीला शेजाऱ्यांकडे जात होती. कोणत्या शेजाऱ्यांकडे, तर खालच्या काकूंकडे. मिस्त्रींनी त्यांना खाली जाऊन, कागदावर चित्र काढून सगळे समजावले होते, की वहिनींच्या बादलीचा यात काही दोष नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूच वर आल्या आणि आईचा टॉवेल उचलून घेऊन गेल्या.

खर्च शेवटी बिल्डरनेच दिला, बाराही सभासदांच्या सह्यांचे पत्र गेल्यावर. आईचे एकटीचे पत्र आधी तीनदा गेले होते.

गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतल्या सोसायटीला ताब्याची सूचना आली. तिथे आईची भिशीतली मैत्रीण राहते. सकाळी दहाला आई आणि काकू दोघी निघाल्या, तेव्हा आईच्या पिशवीत लाटणे होते. नाण्यासाठी वाकावे लागते, लाटण्याने कमी वाकून भागते, असे तिने सांगितले. काकूंनी हातात प्लॅस्टिकची बादली घेतली होती. मांडवाचे सामान उतरवत होते त्या मुलाला त्यांनी आधी एवढेच विचारले, की भोगवटापत्र आले आहे का, आणि आले असेल तर ते पाहायला मिळेल का.